सायकलच्या टायरला भार किती, वेग किती?

प्रश्न असा आहे. इंदूरच्या सुदामा नगरातले एक गृहस्थ, वजन ८२ किलो. सायकल हायब्रिड, साधारण १५ किलोची, ब्रेक रिमवर दाबणारे. टायरवर ७०० × ३५सी, ३७-६२२ आणि मॅक्स ७५ पीएसआय (हवेच्या कमाल दाबाचा आकडा) एवढंच लिहिलेलं. रोज सकाळी आठ वर्षांच्या मुलीला (२५ किलो, शिवाय ४ किलोचं दप्तर) कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायचं, रविवारी एकट्यानं सिमरोलचा घाट उतरून चोरलकडे जायचं आणि पुढेमागे मागच्या चाकात २५० वॅटची मोटर बसवून घ्यायची. मोटरसायकलच्या टायरवर भार आणि वेग दोन्ही लिहिलेले असतात, मग सायकलच्या टायरवर का नाहीत, आणि सुरक्षित मर्यादा धरायची तरी कुठली?

आधी उत्तर, मग कारणं. एकट्यासाठी हा टायर पुरतो. मुलगी आणि दप्तर मागे बसलं की मागचा टायर अपुरा पडतो, आणि त्यावर छापलेल्या ७५ पीएसआयपर्यंत हवा भरूनही ती कसर निघत नाही. वेगाचं म्हणाल तर सायकलच्या वेगानं टायर हार मानत नाही. वेगाची मर्यादा खड्डा, ब्रेक आणि रिम ठरवतात.

मोटरसायकलच्या टायरवर २.७५-१८ ४२पी असं काहीसं असतं. यातला ४२ हा भारांक, म्हणजे एका टायरला १५० किलो, आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. ही दोन बंधनं एकत्र लिहिण्याचं कारण उष्णता. टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दर फेरीला दबतो आणि सुटतो, त्यात काही शक्ती रबरात जिरते आणि रबर तापतं. कारच्या एका चाकावर ४०० किलो आणि वेग १२० धरला तर एका टायरमध्ये बाराशे-तेराशे वॅट जिरतात. सायकलच्या मागच्या चाकावर ६० किलो आणि वेग २५ धरला तर तीस-पस्तीस वॅट. एवढी उष्णता वारा सहज घेऊन जातो. चाक फिरल्यानं टायर बाहेर फेकला जाण्याची भीतीही नको: ५० च्या वेगाला त्यामुळे येणारा ताण हवेच्या दाबानं टायरच्या कडेत असलेल्या तारेवर आधीच असलेल्या ताणाच्या दोन-तीन टक्केच भरतो. म्हणून साध्या सायकल-टायरवर वेगाचं अक्षर छापायची कुणाला गरज वाटली नाही. युरोपात ४५ च्या वेगानं धावणाऱ्या विजेच्या सायकली आल्या तेव्हा त्यांच्यासाठी ईसीई-आर७५ ही खूण असलेले टायर आले. काही कंपन्या त्यांना ई-५० म्हणतात, आणि २५ च्या वेगापर्यंतच्या विजेच्या सायकलींच्या टायरना ई-२५. तुमच्या टायरवर यातलं काही नसेल तर तो वाईट आहे असं नाही, तो पायडलच्या सायकलीसाठी बनवला आहे एवढंच.

भाराचा आकडा मात्र असायला हवा होता. काही परदेशी कंपन्या आपल्या माहितीत प्रत्येक मापाला किलोत कमाल भार देतात, आणि ३५-३७ मिलिमीटर रुंदीला तो साधारण शंभर किलोच्या आसपास असतो. आपल्याकडे सायकल आणि रिक्षाच्या टायरसाठी आयएस २४१४ हे मानक आहे. टायर घेताना त्यावर आयएसआयची खूण आहे का ते जरूर बघा. पण दुकानात मिळणाऱ्या बहुतेक टायरवर ग्राहकाला दिसतो तो फक्त दाबाचा आकडा, तेव्हा भाराचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो. तो अवघड नाही.

भार टायरचं रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. ६० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ४.२ किलो. मागच्या चाकावर ५८ किलो असतील तर जमिनीला टेकणारा भाग साधारण १४ चौरस सेंटीमीटर, आगपेटीपेक्षा जरा लहान. हवा ३० वर आली की तोच भाग दुप्पट होतो, आणि तेवढं टेकण्यासाठी टायरला खाली बसावं लागतं. रिम जमिनीजवळ येते, बाजूची भिंत दर फेरीला जास्त वाकते. म्हणजे कमाल भाराचा आकडा हा नेहमी कमाल दाबाच्या जोडीनं येतो. शंभर किलोचा टायर ४० पीएसआयला शंभर किलोचा राहत नाही.

छापलेला कमाल दाब म्हणजे फुटण्याचा दाब नव्हे. आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत टायर कमाल दाबाच्या ११० टक्क्यांवर किमान पाच मिनिटं रिमवर टिकावा लागतो. तरीही त्या आकड्याच्या वर जाऊ नका, कारण चाचणी नव्या टायरची आणि चांगल्या रिमची असते आणि तुमची रिम तशीच असेल याची खात्री नाही. विशेषतः स्वस्त लोखंडी रिंगांच्या आतल्या कडेला टायरची तार अडकायला हुक नसतो, कड सरळ उभी असते. अशा रिंगेवर ६०-६५ च्या पुढे गेलं की टायर हळूहळू बाहेर सरकू लागतो आणि मग एकदम धडाम. टायर आणि रिम यांच्यापैकी ज्याचा आकडा कमी तो धरायचा. बिनहुकाच्या आधुनिक महागड्या रिमना तर ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, ही वरची हद्द ठरवून दिलेली आहे.

रुंद टायरला कमी दाब का पुरतो, हेही इथंच समजून घ्या. टायरच्या कापडावरचा ताण म्हणजे दाब गुणिले टायरची त्रिज्या. त्याच दाबाला टायर दुप्पट रुंद झाला तर ताण दुप्पट. म्हणून २५ मिलिमीटरच्या टायरवर ११०-१२० छापलेलं दिसतं आणि ५० मिलिमीटरवर ५०-६५. रुंद टायर कमकुवत असतो असा अर्थ कुणी काढू नये. त्याच्यात हवा जास्त आणि खाली बसायला जागाही जास्त, त्यामुळे कमी दाबातही तो जास्त भार घेतो.

आता तुमचा हिशेब. ८२ आणि १५ मिळून ९७ किलो. हायब्रिडवर बसण्याची पद्धत बघता साधारण साठ टक्के मागे, चाळीस पुढे: मागे ५८, पुढे ३९. अंदाजावर विसंबायचं नसेल तर घरातला वजनकाटा मागच्या चाकाखाली ठेवा, तेवढ्याच उंचीची वीट किंवा फळी पुढच्या चाकाखाली, भिंतीला एक हात नुसता टेकवून सीटवर बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी आकडा वाचायला सांगा. खाली वाकून स्वतः वाचायला गेलात तर वजन पुढे सरकतं आणि आकडा खोटा येतो.

मुलगी आणि दप्तर मिळून २९ किलो. कॅरिअरवर बसलेल्याचं वजन पूर्ण मागच्या चाकावर येतंच, शिवाय ते चाकाच्या आसाच्याही थोडं मागे असतं. १० सेंटीमीटर मागे आणि दोन चाकांतलं अंतर १०५ सेंटीमीटर धरलं तर मागच्या चाकावर ३२ किलो वाढतात आणि पुढचं चाक ३ किलोनं हलकं होतं. म्हणजे मागे ९०, पुढे ३६. एकूण भार तिसेक टक्के वाढला, पण मागचा ५५ टक्के. लोक हिशेब एकूण वजनाचा करतात आणि फसतात.

दाब किती, यासाठी अमेरिकी अभियंता फ्रँक बर्टो यांचा ठोकताळा अजून कामाला येतो: टायरवर भार आल्यावर त्याची उंची पंधरा टक्क्यांनी कमी व्हावी. त्याहून कमी बसला तर टायर दगडासारखा, धक्के हाडांत. वीस टक्क्यांच्या पुढे बसला तर खड्ड्यात रिम आपटणार आणि बाजूची भिंत लवकर थकणार. या ठोकताळ्यानं ३५ मिलिमीटरच्या टायरला ५८ किलोसाठी ६५ पीएसआयच्या आसपास लागतात आणि ३९ किलोसाठी ४०-४२. म्हणजे एकटे असताना मागे ६५, पुढे ४५ ठेवा. दोन्ही चाकांत सारखीच ‘फुल’ हवा भरायची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. त्यानं पुढचं चाक उगाच उड्या मारतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं.

मुलीसकट ९० किलोंना हाच टायर शंभराच्या वर पीएसआय मागतो, आणि तुमची हद्द ७५. त्या ७५ ला हा टायर पंधरा टक्क्यांत फार तर ६५-६६ किलो उचलतो. ९० किलो ठेवले की तो वीस टक्क्यांच्या आसपास बसेल. तो उद्या सकाळीच फुटेल असं नाही, कंपन्या देतात त्या शंभर किलोच्या आत तुम्ही आहातच. पण खड्ड्यासाठी राखीव ठेवलेली जागा संपलेली आहे.

उपाय रुंद टायर. त्याच ९० किलोंना ४२ मिलिमीटरला ७५ च्या आसपास, ४५ ला ६७, ४७ ला ६२-६३, ५० ला ५५-५६ पीएसआय पुरतात. मागच्या चिमट्यात, ब्रेकखाली आणि मडगार्डखाली टायरच्या प्रत्येक बाजूला किमान ५-६ मिलिमीटर मोकळी जागा राहायला हवी, कारण चाकाची एक तार (स्पोक) तुटली तरी चाक तेवढं डोलतं. बहुतेक हायब्रिडमध्ये ४२ बसतो, मडगार्ड काढला तर काहींत ४५. नव्या टायरवर ४२-६२२ असं लिहिलेलं असेल तरी तुमच्या रिमवर तो प्रत्यक्षात किती फुगतो ते हवा भरून व्हर्नियरनं मोजा. अरुंद रिमवर तोच टायर दोन-तीन मिलिमीटर कमी भरतो. तुमचाच टायर बघा: एका मापात ३५ म्हणतो, दुसऱ्यात ३७.

मापाबद्दल एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे, म्हणून जरा थांबतो. दुकानात ‘अठ्ठावीसचा टायर’ मागितला तर दोन वेगवेगळे टायर मिळू शकतात. काळ्या उभ्या सायकलीचा २८ × १½ म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर, आणि तुमचा ७००सी म्हणजे ६२२. व्यासात १३ मिलिमीटरचा फरक. ६३५ चा टायर ६२२ च्या रिमवर हातानं सहज चढतो, म्हणून बसला असं वाटतं, आणि हवा भरताना किंवा पहिल्याच वळणावर रिमवरून निघतो. ‘सव्वीस’चंही तेच: पर्वती सायकलींचा ५५९, तर बायकांच्या जुन्या सायकलींचा २६ × १⅜ म्हणजे ५९०. इंचाचा आकडा बोलण्यापुरता. खरेदी करताना शेवटचे तीन आकडे रिमशी जुळवा, आणि जो टायर लिव्हर न वापरता फारच आरामात चढला त्याच्याकडे संशयानं बघा.

पंधरा टक्के प्रत्यक्ष मोजता येतात, त्यासाठी कुठलं यंत्र नको. रिकामी सायकल भिंतीला टेकवा आणि मागच्या चाकाच्या तळाशी जमिनीपासून रिमच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर लोखंडी पट्टीनं घ्या. समजा ३१ मिलिमीटर आलं. मग तुम्ही बसा, मुलीला दप्तरासकट मागे बसवा, आणि तिसऱ्यानं त्याच जागी पुन्हा मोजावं. २६ आलं तर ठीक, २५ चालवून घ्या, २४ किंवा खाली गेलं तर हवा वाढवा. हवा वाढवायला जागा नसेल तर टायर बदला किंवा भार कमी करा. पट्टीच्या टोकाला शून्याआधी मोकळी जागा असते, ती धरायला विसरू नका. एवढ्याशा मापात तेवढ्यानं घोटाळा होतो.

टायरच्या आधी कॅरिअर आणि तारा बघायला हव्या होत्या, पण प्रश्न टायरचा होता म्हणून नंतर घेतो. चांगल्या कॅरिअरवर २५ किलो किंवा तत्सम आकडा कोरलेला असतो, आणि सीटच्या दांड्याला नुसत्या क्लॅम्पनं धरलेल्यांवर बहुधा १०. मुलगी आणि दप्तर मिळून २९. लहान मुलांच्या मागच्या खुर्च्यांची युरोपीय हद्दही २२ किलोची आहे, तीही तिनं ओलांडली. मग राहतो तो फ्रेमला चार ठिकाणी बोल्टनं बसणारा, मोठ्या क्षमतेचा कॅरिअर, पाय ठेवायला दांड्या आणि चाकात पाय जाऊ नये म्हणून जाळी. जाळीशिवाय मूल बसवूच नका. टायरच्या अपघातांपेक्षा तारांत पाय अडकण्याचे अपघात मुलांना जास्त छळतात. मागच्या चाकाच्या तारा सगळ्या सारख्या ताणलेल्या आहेत का ते जोडी-जोडीनं दाबून बघा. तुटायची असली तर बहुधा चेनच्या बाजूची तुटते. काळ्या उभ्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे ४० तारा असायच्या त्या याच कारणासाठी, मागच्या चाकावरचं ओझं त्या बनवणाऱ्यांना ठाऊक होतं.

त्या सायकलींचा दाखला लोक हमखास देतात: दूधवाले वीस-वीस लिटरच्या दोन कॅन लटकवून जन्मभर गेले, त्यांना कुणी पीएसआय विचारलं होतं? खरं आहे. दोन कॅनमध्ये दूधच ४१ किलो. ७५ किलोचा माणूस, २२ किलोची सायकल, मागच्या चाकावर शंभरच्या पुढे. ४० मिलिमीटरच्या टायरला पंधरा टक्क्यांच्या हिशेबानं तेव्हा ९५ पीएसआय लागले असते, भरत होते निम्मे. निभावलं ते तीन कारणांनी. वेग दहा-बाराचा, टायर जाड कापडाचा आणि रिंग लोखंडी, आपटली तरी चेपते पण फाटत नाही. किंमत मोजावी लागली ती टायर वर्षाच्या आत कडेला फाटण्यात आणि पायांच्या मेहनतीत. तुमची ॲल्युमिनियमची रिम आणि २० चा वेग यांना तो दाखला लागू नाही.

खड्ड्याकडे येऊ. खड्ड्याच्या कडेवर चाक आदळतं तेव्हा टायरला जी शक्ती पोटात घ्यावी लागते ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १५ वर जो खड्डा नुसता जाणवतो तो ३० वर चौपट मारतो. टायर पूर्ण दबून ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटली की तिच्यावर शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. पंक्चरवाल्यानं ट्यूब काढली की तिथंच बघून घ्या. दोन समांतर चिरा म्हणजे खिळा शोधत बसू नका, हवा कमी होती किंवा भार जास्त. बाहेरच्या बाजूला एकच भोक म्हणजे खिळा-काच. रिमच्या बाजूला भोक म्हणजे तारांच्या निपलवरची पट्टी सरकली. वालच्या मुळाशी फाटलं असेल तर कमी हवेमुळे टायर रिमवर सरकत होता आणि ट्यूबला सोबत ओढत होता. वाल तिरका दिसू लागला की हे होणार हे आधीच कळतं.

इंदूरचे रस्ते झाडलेले असतात, पण चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीत असतीलच असं नाही, आणि सिमेंटच्या रस्त्यांच्या पट्ट्यांमधले सांधे सायकलच्या चाकाला नेमके आडवे किंवा उभे लागतात. आडवा सांधा दणका देतो, उभा सांधा पुढचं चाक धरून ठेवतो. तो नेहमी शक्य तितका काटकोनात ओलांडा. पावसाळ्यात पाणी भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही, म्हणून तो टाळायचाच. एकटे असाल तर नीट रस्त्यावर २५-३० ला हरकत नाही. मुलगी मागे असताना १५, फार तर १८. अनोळखी किंवा तुटक्या रस्त्यावर १० ते १२. हे आकडे कुठल्या कायद्यातले नाहीत. वर सांगितलेल्या हिशेबात खड्ड्यासाठी जागा शिल्लक ठेवायची तर एवढंच हाती राहतं, असं माझं मत.

सिमरोलचा घाट हा वेगळा मामला, तिथं मधे ब्रेक येतो. माळव्याच्या पठारावरून निमाडाकडे उतरताना जी उंची तुम्ही सोडता तिची शक्ती कुठं तरी जायलाच हवी, आणि रिमवरच्या ब्रेकनं ती रिममध्ये, म्हणजे थेट टायर-ट्यूबला चिकटून असलेल्या धातूत जाते. सामानासकट ११० किलो एकूण वजन आणि सहा टक्के उतार धरला तर ब्रेक न लावता वेग ४५ च्या आसपास स्थिरावतो, कारण तिथं वारा सगळी शक्ती खातो. गंमत अशी की ब्रेक धरून २५ च्या वेगानं सलग उतरलात तर रिम सर्वांत जास्त तापते, अडीचशे वॅटच्या पुढे. त्याहून हळू गेलात तर दर मिनिटाला कमी उंची सोडता, त्याहून जोरात गेलात तर वारा मदत करतो. एकट्या माणसाला अडीचशे वॅट दोन रिमांवर वाटून गेले तर टायर उडण्याइतकी रिम तापत नाही. पण तेच एका पुढच्याच ब्रेकवर, जास्त तीव्र उतारावर आणि मागे ओझं घेऊन केलं तर ट्यूबवरची जुनी चिकटवलेली ठिगळं सुटतात, दाब वाढतो आणि सैल बसलेला टायर कडेनं बाहेर येतो. म्हणून सलग ब्रेक धरू नका. मोकळं सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग खाली आणा, पुन्हा सोडा. ट्रक चालतात त्या रस्त्यावर ३५ च्या वर जायचं कारण नाही. उतरायच्या आधी थांबून रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्ट्यावर बोट फिरवा. तिथली बारीक खाच किंवा टिंब झिजून नाहीसं झालं असेल किंवा पट्टा आतून खोलगट लागत असेल तर रिमची भिंत पातळ झालीय, आणि ७५ पीएसआय तिला बाहेर ढकलतच असतो. मुलीला घेऊन हा घाट सायकलनं उतरूच नका.

उन्हात टायर फुटतो ही समजूत अर्धी खरी. २५ अंशांना ६० पीएसआय भरले आणि सायकल मे महिन्यात उन्हात उभी राहून टायर ६० अंशांपर्यंत तापला, तर दाब ६९ च्या आसपास जातो. एवढ्यानं धड टायर फुटत नाही. फुटतो तो आधीच काप असलेला, तारेजवळ नीट न बसलेला किंवा ठिगळावर जगणारा. तरी मागे कमाल दाबाला टेकून हवा ठेवणाऱ्यानं एप्रिल ते जून पाच-सात पीएसआय कमी भरावेत.

हवा भरण्याच्या बाबतीत अंगठ्यावर भरवसा नको. ४० च्या वर सगळे टायर अंगठ्याला सारखेच कडक लागतात. जुन्या पद्धतीच्या वालमध्ये रबराची वालट्यूब असते, ती हवा आत जाऊ देते पण बाहेरच्या काट्याला आतला दाब कळू देत नाही. पंपाचा काटा रबर उचलायला लागणारा जोरही मोजतो आणि जास्त दाखवतो. उपाय सोपा: मोटरसायकलसारख्या वालची ट्यूब घ्या, रिमच्या त्याच भोकात ती बसते. मग जमिनीवर उभा ठेवायचा काट्याचा पंप, आणि आठवड्यातून एकदा, मूल नेत असाल तर दोनदा, चाक थंड असताना तपासणी. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरपासून सांभाळून. तुमच्या टायरमध्ये जेमतेम दोन लिटर जागा, कारच्या टायरमध्ये तीसेक. नळी दोन सेकंद जास्त दाबली तर ७५ चे शंभर होतात. थोडं-थोडं, थांबत-थांबत भरा.

नवा टायर चढवताना ट्यूबला टाल्क पावडर चोळा आणि ती नुसती गोल होईल इतपत फुगवून आत घाला. टायर चढल्यावर दोन्ही बाजूंनी अंगठ्यानं आत दाबत पूर्ण फेरी मारा आणि ट्यूब कुठं तारेखाली अडकली नाही ना ते बघा. २० पीएसआय भरा. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक उठावाची रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. कुठं आत बुडाली असेल तर हवा सोडा, साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. कुठं जास्त वर आली असेल तर तिथं तार निसटायच्या बेतात आहे. रेघ सरळ झाल्यावरच पूर्ण दाब.

मोटरीबद्दल. आपल्याकडच्या नियमांत २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ वर आपोआप बंद होणारी मदतनीस मोटर असेल तर सायकल मोटर वाहनांत मोडत नाही. काही किट बसवणारे ‘लॉक खोलून देतो’ म्हणतात, मग ३५-४० ची सायकल होते. तसं झालं की ती नुसती सायकल राहत नाही, आणि तुमच्या टायर-ब्रेकचा सगळा हिशेबही बदलतो. लॉक राहू द्या. चाकातली मोटर आणि बॅटरी मिळून पाच-सहा किलो वाढतात, तेही बरेचसे मागे. शिवाय मोटर सुरू होताना टायरला रिमवर फिरवायला बघते, म्हणून मागे ५५ च्या खाली हवा कधी जाऊ देऊ नका आणि वाल तिरका होतोय का यावर पहिल्या महिन्यात नजर ठेवा. मागे ४२ किंवा ४५ चा टायर मोटरीच्या आधी घ्या, नंतर नाही, कारण मोटर बसल्यावर मागचं चाक काढायला वायर सोडवावी लागते आणि मग ते काम प्रत्येक जण पुढे ढकलतो.

टायर कधी फेकायचा, तर कापड दिसू लागलं, कडेला फुगवटा आला, बाजूच्या भिंतीला उभ्या-आडव्या भेगा खोल गेल्या किंवा तार कुठं उघडी पडली, यातलं एकही दिसलं की. फुगवटा म्हणजे आतलं कापड तुटलंय, त्याला आतून तुकडा लावून चालवण्याचा इलाज फक्त घरी पोचण्यापुरता. मागचा टायर आधी झिजतो. तो काढून पुढचा मागे आणि नवा पुढे लावा. जुना पुढे कधी नको, कारण मागचा टायर गेला तर सायकल डोलत थांबते, पुढचा गेला तर हँडल हातातून जातं.

आणि मुलगी आठ वर्षांची, २५ किलोची आहे. वर्ष-दोन वर्षांत ती तीसपर्यंत जाईल आणि दप्तर काही हलकं होणार नाही. तेव्हा ४५ च्या टायरलाही जागा पुरणार नाही. वीस इंची, ४०६ मापाच्या टायरची सायकल तिच्या उंचीला आत्ताच बसते. तिच्या टायरना ३५ ते ४० पीएसआय पुष्कळ.